मोटर थांबवणारे नलावडे

मेन बंद केला की नलावडे भाऊ पहिली पाच मिनिटं पॅनेलला हात लावायचे नाहीत. दोन्ही हात पँटच्या खिशात आणि नुसते उभे. समोर कंपनीचा मालक असो की घाबराघुबरा सुपरवायझर, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. ड्राइव्हच्या पोटात वीज साठून राहते हो. बाहेरून सगळं बंद, दिवे गेलेले, आणि आत मात्र माणूस मरेल एवढं शिल्लक. ते उतरेपर्यंत थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची, मग स्क्रू. हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. पाळणारे मी दोन-तीनच पाहिले.

एकदा चाकणला एक साहेब त्यांच्या अंगावर ओरडायला लागला. लाइन उभी आहे, ट्रक दारात आहे आणि तुम्ही खिशात हात घालून काय बघताय? भाऊंनी त्याला विचारलं, साहेब, गाव कुठलं तुमचं. तो गडबडला, म्हणाला नगरकडचं. मग गावी कोण असतं, आईची तब्येत कशी आहे, म्हैस दूध किती देते, असं एकेक विचारत राहिले. उत्तरं देता देता साहेबाचा आवाज खाली आला. पाच मिनिटं झाल्यावर भाऊ म्हणाले, "बघा, पेटी पण उतरली आणि तुम्ही पण. आता कुणाला धोका नाही."

मी काही इंजिनियर नाही. बार्शीकडची, सातवी पास. यांची कंपनी बंद पडली, पुढं हे अंथरुणाला लागले, आणि भोसरीतल्या एका ड्राइव्ह दुरुस्तीच्या दुकानात मला सर्किटच्या कार्डांवरची धूळ ब्रशनं साफ करायचं काम मिळालं. नलावडे भाऊ तिथले मुख्य कारागीर. आमचे हे आणि ते पूर्वी एकाच खात्यात, म्हणून त्यांच्यासाठी मी वहिनी. खटाव तालुक्यातला उंच, किडकिडीत माणूस. गोड मात्र अजिबात नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. लांब गेलेल्या माणसाला आपण साखरेत घोळतो, तसं मला करायचं नाही. तोंड फटकळ. कुणी डबा पुढं केला तर भाजीत मीठ कमी आहे हे आधी सांगायचे आणि मग दोन भाकरी खायचे.

त्यांची खासियत ब्रेकची. आता ड्राइव्ह म्हणजे काय, तर मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी. पळवायचं काम सोपं असतं, थांबवायचं अवघड. जड ड्रम गरगर फिरतोय, त्याला थांब म्हटलं तर तो ऐकत नाही. उलट मोटरच वीज तयार करते आणि पेटीत मागं ढकलते. पेटीचं पोट फुगतं. ती जास्तीची वीज जाळून टाकायला एक रेझिस्टन्स लावलेला असतो, म्हणजे पत्र्याच्या डब्यात तारेची वेटोळी. कुकरच्या शिट्टीसारखं समजा. शिट्टी अडकली तर काय होतं ते बायकांना सांगायला नको. भाऊ म्हणायचे, "मोटर कुणीही पळवतं. थांबवताना घराणं कळतं."

तळवड्याचा एक जण ड्राइव्ह घेऊन आला. तीन ठिकाणी दुरुस्त करून झालेली, दर वेळी ब्रेकचा ट्रान्झिस्टर उडालेला. भाऊंनी पेटी उघडलीच नाही. रेझिस्टन्स कुठाय म्हणाले. तो म्हणाला, तो चांगलाय, मशीनवरच आहे. मग तुम्ही पण मशीनवर जा, असं म्हणून भाऊंनी त्याला पेटीसकट परत पाठवला. आमचे शेठ केवढे चिडले, आलेलं गिऱ्हाईक घालवलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं रेझिस्टन्स घेऊन हजर. मीटर लावला तर हवा साठ ओहमचा आणि निघाला विसाचा. भंगारातून दिसायला तसाच म्हणून उचललेला, वरून रंग मारून बसवलेला. एवढा कमी असला की करंट बेसुमार ओढला जातो आणि दर वेळी ट्रान्झिस्टरचा बळी. भाऊंनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तीन सुना बदलल्यात राव. एकदा सासूकडं बघायचं की."

मला त्यांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. ते शिकवायचेच नाहीत. मीटरची एक वायर माझ्या हातात द्यायचे, धरा म्हणायचे. किती आलं? मी आकडा सांगायची. म्हणजे काय? मी आकडाच परत सांगायची. "मग उद्या सांगा," एवढं बोलून स्वतः पुढच्या कामाला. रात्रभर नाही म्हणत मी, पण सकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि बरोबर निघालं तरी शाबासकी नाही, फक्त दुसरा प्रश्न. असं करत करत किती वर्षं गेली. कुठला डायोड फुटला, कुठं रेझिस्टन्स आतून तुटला, कुठं नुसती थांबायची वेळ कमी लावल्यामुळं पेटी ट्रिप होतेय, मला आपोआप दिसायला लागलं. घरी यांना सांगितलं तर म्हणायचे, तुला काय करायचंय त्यात.

एकदा एका कंपनीचे दोन इंजिनियर दुकानात आले. त्यातला एक मला म्हणाला, मावशी, दोन चहा सांगा. मी उठणार तेवढ्यात भाऊ उठले. टपरीवर जाऊन स्वतः दोन चहा घेऊन आले, त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "चहा आला. आता वहिनी बिघाड सांगतील. त्यांना कळतं." मी सांगितलं, रेझिस्टन्सची तार आत तुटलीय, जळायला वाट नाही म्हणून थांबवताना पेटी बंद पडते. दोघांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. भाऊ मागं उभे राहून नखं कुरतडत होते. जन्मात माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं, आईवडील धरून.

आता त्यांची एक खोड सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरच आलं. कागदाशी त्यांचं वाकडं होतं. कामाचा रिपोर्ट लिहा म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. म्हणायचे, कागद फायलीत जातो आणि फाइल कपाटात, उद्या मशीनला हात घालणारा काय कपाट वाचून येतो? तो दार उघडतो, तर दारावरच लिहावं. म्हणून पॅनेलच्या दारावर आतल्या बाजूनं मार्करनं लिहायचे. काय बिघाड होता, काय केलं, काय करायचं राहिलंय. आणि कुठं तात्पुरता जोड दिला, म्हणजे एखादा स्विच बाजूला ठेवून नुसत्या वायरीनं काम चालवलं, तर त्या वायरीला लाल चिंधी. माझी एक जुनी लाल साडी होती, तिच्या पट्ट्या फाडून मी सामानाच्या पिशवीत ठेवायची. भोसरी-चाकणकडच्या कितीतरी कंपन्यांत माझ्या साडीचे तुकडे लोंबत होते. आमच्याकडच्या मेंटेनन्सवाल्यांना ते माहीत असायचं, चिंधी दिसली की समजायचं, इथलं काम अजून संपलेलं नाही.

महाळुंग्याला गियर बनवणारी एक कंपनी आहे, नाव घेत नाही. गियर कापताना लोखंडाची कात्रणं पडतात, तेलानं माखलेली. ती एका मोठ्या ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतात आणि तेल पिळून काढतात. कपडे पिळायच्या मशीनसारखंच, पण केवढंतरी मोठं. ते यंत्र चालूच होईना म्हणून भाऊंना बोलावलं. पिशवी धरायला आणि जागेवर साफसफाई करायला मी बरोबर. गेटवर मोबाइल जमा केले, आत गेलो. पाच मिनिटं खिशात हात. मग मीटर. रेझिस्टन्सच्या डब्यावर उष्णतेचा एक स्विच असतो, डबा फार तापला की तो यंत्र बंद पाडतो. इथं डबा थंडगार आणि स्विच म्हणतोय तापलाय. स्विचच मेला होता.

नवा यायला दोन-तीन दिवस. मेंटेनन्सचे मुख्य चौधरी साहेब हात जोडायला लागले, काहीतरी करा, माल अडकलाय. भाऊंना तसं करणं आवडायचं नाही. शेवटी त्यांनी स्विचच्या जागी वायरीचा जोड दिला. पण ड्रम चाळीस सेकंदात थांबायचा, ती वेळ वाढवून अडीच मिनिटं केली, म्हणजे डबा तापायचाच नाही. चौधरींना समोर उभं करून सांगितलं, ही वेळ कमी करायची नाही, स्विच आला की मी येऊन बसवतो. दारावर मोठ्या अक्षरात तेच लिहिलं. त्यांच्या एका हातात दार, दुसऱ्यात बॅटरी, म्हणून मला म्हणाले, वहिनी, चिंधी बांधा. मी बांधली. दोन गाठी मारल्या. यंत्रावर काम करणारा बालाजी, उदगीरकडचा, कंत्राटी कामगार, तो बाजूला उभा राहून बघत होता. मला म्हणाला, मावशी, नवस फेडताव का काय?

तिसऱ्या दिवशी स्विच आला. भाऊ तो घेऊन महाळुंग्याला गेले तर गेटवर अडवलं. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, चार दिवस बाहेरच्यांना आत सोडायचं नाही. त्यांनी चौधरींना फोन केला. ऑडिट झाल्यावर या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा परत. मी त्यांना म्हटलं, शेठना सांगून कंपनीला एक पत्र तरी पाठवू या. तर म्हणाले, दारावर लिहिलंय की.

ऑडिट म्हणजे काय असतं ते या भागात राहणाऱ्यांना माहीत आहे. जिथं पाहुणे बघणार तिथं रंग, पुसापुशी, कुंड्या. हातानं लिहिलेलं काही दिसलं तर गुण कापतात, चिंध्या-दोरे दिसले तर कापतात. पॅनेलची दारं आतून-बाहेरून रंगवली गेली. चिंधी कुणीतरी कापून कचऱ्यात टाकली. कुणा वाईट माणसानं नव्हे हो, ज्याला स्वच्छ कर म्हणून सांगितलं त्यानं. आणि पाहुण्यांपुढं यंत्र हळू दिसायला नको म्हणून कुणीतरी थांबायची वेळ परत चाळीस सेकंद केली.

पाचव्या दिवशी रेझिस्टन्सचा डबा लाल झाला. थांबवायला स्विच नव्हता. आजूबाजूला सगळं तेलकट, पेट घ्यायला वेळ लागला नाही. बालाजीनं लाल बटण दाबलं आणि शेजारी तेलानं भिजलेली पोती होती ती ओढायला गेला. उजवा हात आणि मान भाजली. जीव वाचला. दोन बोटं मात्र वाकडी राहिली.

चौकशीला कंपनीनं आम्हा तिघांना बोलावलं, शेठ, भाऊ आणि मी. भाऊ त्यांच्या स्कूटरवर पुढं गेले. मी शेठच्या गाडीत. मोशीच्या पुढं गाडी गर्दीत अडकली तेव्हा शेठ बोलायला लागले. मावशी, आपलं निम्मं काम या एका कंपनीचं आहे. दुकानात अकरा घरं जेवतात. जोड नलावड्यांनी दिला हे तर खरंच आहे ना? तुम्ही खोटं काही बोलू नका. फक्त म्हणा, मला त्यातलं काही कळत नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. यांची औषधं, खोली, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. होतं म्हणून सांगते, त्यानं काही हलकं होत नाही.

मोठी खोली, मोठं टेबल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. भाऊंनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. जोड का दिला, वेळ किती वाढवली, दारावर काय लिहिलं, गेटवरून कसे परत गेले. चौधरी साहेब शांतपणे म्हणाले, दारावर काही नव्हतं, दार तुम्ही बघू शकता. चिंधी-बिंधी कुणी पाहिलेली नाही. फोन आले होते, ते गेटपासासाठी. आणि तुमच्याकडं काही लेखी आहे का?

भाऊ म्हणाले, लेखी नाही. मग बाटलीचं झाकण उघडता उघडता, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "चिंधी वहिनींनी बांधली. त्यांना विचारा."

बघायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

चौधरी माझ्याकडं वळले. "मावशी, अशी काही चिंधी बांधली होती का? काय काम केलं ते तुम्हाला माहीत आहे?"

मी म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही."

भाऊंनी बाटली खाली ठेवली. पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, "जोड माझा आहे. लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. भाऊंनी सही केली. नोकरीत कधी कागदावर सही न करणारा माणूस, त्यानं केली ती ही.

पुढचं फार नाही. मेंटेनन्सवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप असतो, त्यावर भाऊंचा फोटो फिरला, यांना पॅनेलला हात लावू देऊ नये म्हणून. शिंदेवाडीपासून खेडपर्यंत ज्या गेटवर वॉचमन त्यांना चहा पाजायचे, तिथं आता नाव विचारायला लागले. या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही हवंही नव्हतं. बिघडलेली पेटी उघडायला मिळणं एवढंच त्याचं जगणं. तेच गेलं. शेठनी त्यांना हिशेब करून मोकळं केलं. बालाजी दवाखान्यात होता तोवर भाऊ रोज जायचे, त्याच्या बायकोला डबा न्यायचे. बालाजीनं ती चिंधी पाहिली होती. त्याला कुणी विचारलं नाही, आणि सुटला तो सरळ गावी गेला.

आणि भाऊंच्या टेबलावर शेठनी मला बसवलं. दुसरं होतं कोण? ब्रेकचं काम आलं की लोक म्हणायचे, मावशींना दाखवा, त्यांचा हात चांगलाय. महाळुंग्याचीसुद्धा कामं यायची. मी करायची. रेझिस्टन्स कुठाय असं गिऱ्हाइकाला विचारलं की माझा मलाच आवाज ओळखू यायचा नाही. चौधरी साहेबांनी एका दिवाळीला मला मिठाईचा डबा पाठवला. मी तो घेतला.

दोन वर्षांनी हे गेले. मग मी दुकान सोडलं आणि मला धीर आला. धीर कसला, जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. मी घरी बसून एक अख्खं पान लिहिलं. स्विच मेलेला होता, वेळ वाढवली होती, दारावर लिहिलं होतं, चिंधी होती, सगळं. ते घेऊन दिघीला भाऊंच्या खोलीवर गेले. म्हटलं, हे कंपन्यांना दाखवा, ग्रुपवर टाका, पाहिजे तर मी येते बरोबर.

त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. कागद खिडकीशी नेऊन वाचला. एकदा, मग दुसऱ्यांदा. मला वाटलं वेळेचा आकडा चुकला असेल.

म्हणाले, "नलावडे यांनी वायरीला लाल चिंधी बांधली. असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"मी नाही बांधली. तुम्ही बांधली."

खरंच सांगते, लिहिताना माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. पानभर लिहिलं आणि त्यात मी कुठंच नव्हते. त्यांनी कागद माझ्या पुढ्यात ठेवला, त्यावर पेन ठेवलं. रागानं नाही, जसं मीटरची वायर हातात द्यायचे तसं. मी पेन उचललं. एक शब्द खोडून दुसरा लिहायचा होता. खाली माझी सही होणार होती, माझं नाव, माझा पत्ता, आणि मग कुणीही विचारणार, मग त्या दिवशी का नाही बोललात.

मी म्हणाले, घरी जाऊन नीट लिहून आणते.

ते बरं म्हणाले. परत विचारलं नाही.

मी तो कागद नीट लिहून कधी नेला नाही. पुढं खोली रिकामी करून ते खटावला गेले असं त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. फोन केला तर नंबर बंद. चिंधी मी बांधली होती, दोन गाठी मारून, हे आत्ता या कागदावर लिहितेय, तर ते वाचायला इथं नलावडे भाऊ नाहीत, आणि ज्या गेटांवर ते दाखवायचं होतं तिथले वॉचमनसुद्धा बदललेत.

दिघीला गेले त्या दिवशी मला सोडायला ते जिना उतरून खाली आले होते. खालच्या मजल्यावरची एक बाई मिक्सर घेऊन दारात उभीच होती. म्हणाली, भाऊ, जरा बघता का, बटण बंद केलं तरी फिरतच राहतो. भाऊंनी मिक्सरकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "दुकानात दाखवा. मी उघडत नाही आता." तिनं दोनदा विनवलं, तुम्हाला तर सगळं येतं म्हणाली. ते हसल्यासारखं काहीतरी करून जिना चढायला लागले. वळणावर त्यांची पाठ दिसली, मग नुसता कठड्यावरचा हात, मग तोही नाही.

बाई माझ्याकडं वळली. मला विचारलं, इथं जवळ कुणी असलं दुरुस्त करून देतं का, तुम्हाला माहीत आहे?

बटणाचा आतला संपर्क चिकटला होता. ऐकूनच कळलं होतं मला, दोन स्क्रूचं काम. मी पिशवी काखेत घट्ट धरली आणि म्हणाले, चौकात विचारा कुणालातरी.